सहानंतर आठ

"आई, या हेल्मेटमध्ये कालच्या माणसाचं डोकं अजून आहे बहुतेक. काय वास मारतोय!"

लेक माझ्या कानाशी कुरकुरत होती. तिची पहिली शर्यत. हेल्मेट भाड्याचं, गाडी उसनी. नाकावरचा राग तेवढा स्वतःचा.

तुम्ही विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. मी तिथे होते. रविवारची सकाळ होती, ट्रॅकवरचं धुकं नुकतंच विरत होतं.

मी कंट्रोल रूममध्ये वायरलेस सांभाळते. शिकवलं कुणी नाही, ऐकून ऐकून जमलं. गाड्या सोडण्याआधी मी एकेका वळणावरच्या माणसाला हाक मारते. सगळं ठीक असलं की तो म्हणतो, "मोकळं." सगळ्यांचं 'मोकळं' आलं की साहेब गाड्या सोडतात.

आमच्याकडे सहानंतर आठ येतो.

सातव्या वळणावर माझा धाकटा भाऊ असायचा. गेल्या वर्षी एक गाडी कठडा तोडून त्याच्या अंगावर गेली.

तेव्हापासून तिथे माणूस नाही. आठवालाच लांबून नजर टाकतो. आणि तो आकडा आमच्या खोलीत कुणी तोंडातून काढत नाही. घड्याळात सात वाजले तरी साहेब म्हणतात, "आठला तासभर आहे अजून."

त्या दिवशी माझं सगळं लक्ष खिडकीबाहेर. लेकीच्या लाल गाडीकडे.

"पाच?"

"मोकळं."

"सहा?"

"मोकळं, काकू."

"सात?"

जीभ सवयीनं घसरली.

खोलीत कुणी हललं नाही. पंखा तेवढा कुरकुरत होता.

मग... खरखर.

कुणीतरी श्वास घेतला...

"ताई... पोरीला सोडू नकोस."

मला ताई म्हणणारा एकच होता.

"लाइनचा घोळ," वायरमन घाईघाईनं म्हणाला. "मध्ये दुसरं कुणी घुसलं असेल."

मी ड्रॉवर उघडला. सातचा सेट तिथेच होता... बॅटरी केव्हाच काढलेली.

साहेबांचं बोट हिरव्या दिव्याच्या बटणावर होतं.

"साहेब, नका..." एवढंच माझ्या तोंडून फुटलं.

त्यांनी बोट उचललं.

"ट्रॅकच्या सुरक्षेच्या कारणावरून आजच्या सर्व शर्यती रद्द!" भोंगा ओरडला. लोकांनी शिट्ट्या मारून आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

साहेब एकटेच त्या वळणावर जाऊन आले. तळवे गंजानं लाल झालेले.

"रंग ताजा आहे," ते म्हणाले. "मागचे जुनेच बोल्ट गंजून गेलेत. नुसता हात लावला, तर कठडा हातात आला."

आजही सहानंतर हाक मारावीशी वाटते, आणि कुणी ओ देईल याची भीतीही वाटते.

लेक तणतणत आत आली.

"शेवटच्या मिनिटाला? वर्षभर घासतेय मी! आणि कठडा खिळखिळा आहे हे कळलं कुणाला? तिथे तर माणूसच नसतो!"

वायरमननं गुंडाळलेली वायर पुन्हा गुंडाळायला घेतली. मी स्वच्छ खिडकी पुसू लागले.

"अरे, सांगा ना! कुणी सांगितलं?"

साहेबांनी टोपी काढली.

"सातनं," ते म्हणाले. "तुझ्या मामानं."