माझी एक मैत्रीण आहे

माईक कर्कश शिट्टी मारायला लागला. मी दचकून दोन पावलं मागे सरले, ती थेट कुणाच्या तरी पायावर.

"पायाचं सोडा," खाली बसून वायर सोडवणारा तो म्हणाला, "पण स्पीकरसमोर उभ्या राहू नका. आवाज आवडला की तो असाच ओरडतो."

"आणि त्याच्या मालकाला आवडला तर?"

निसटलंच तोंडून! त्याने वर पाहिलं... आणि मी पाठ केलेलं सगळं विसरले.

तो साउंडवाला. मी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि रविवारी वहिनीच्या गटाबरोबर एचआयव्हीची माहिती सांगत फिरते. कधी कॉलेज, कधी सोसायटीचा हॉल, कधी कारखान्याचं कँटीन. गाणी, खेळ, चहा आणि शेवटी माझी दहा मिनिटं. "माझी एक मैत्रीण आहे. तिला एचआयव्ही आहे," अशी सुरुवात. ती रोज सकाळी गोळी घेते, न चुकता. आता तपासणीत तिच्या रक्तात विषाणू सापडतही नाही आणि तिच्यापासून जोडीदाराला लागण होणार नाही, असं डॉक्टर सांगतात. मी हे अगदी ठणकावून सांगायचे, पण त्या मैत्रिणीच्या आड लपून. कारण दोन वर्षांपूर्वी एकाला "ती मी" असं सांगितलं होतं. तो उठून गेला, त्यानंतर त्याने फोनही उचलला नाही.

साउंडवाला मात्र, मधला एक रविवार सोडला तर, दर रविवारी यायला लागला. लग्नसमारंभातली साउंडची कामं भावाच्या गळ्यात मारून!

"काय म्हणते तुमची मैत्रीण?" तो वायर गुंडाळत विचारायचा.

"बरी आहे."

"चिडकी आहे का?"

"भयंकर."

"आणि... हसते कशी?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"काही नाही. सहज."

त्या 'सहज'वर माझा आठवडा निघायचा. दुकानात मी एका आजोबांना लहान मुलीची गुलाबी फ्रेम काढून दिली. घरी भाजी करपली.

"अगं, सांगून टाक की त्याला," वहिनी म्हणाली.

"आणि तोही गेला तर?"

वहिनीने करपलेली कढई घासायला घेतली.

पुढच्या रविवारी वाचनालयाचा हॉल होता. लोक यायचे होते. उंच खिडक्यांतून मऊ ऊन रिकाम्या खुर्च्यांवर पडलं होतं. तो हेडफोन लावून बसला होता.

"बोला काहीतरी. आवाज बघतो."

मी माईकसमोर उभी राहिले. गेलाच तर निदान रडताना बघायला कुणी नाही, असं वाटलं.

"माझी एक... मैत्रीण नाही. ती मी आहे."

त्याने मान वर केली नाही. "नीट आलं नाही. परत."

"ती मी आहे."

"जरा मोठ्याने."

"मीच आहे ती!" मी चिडून ओरडले. आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. छत काही कोसळलं नाही.

तो हेडफोन काढून जवळ आला. "पहिल्यांदाच ऐकू आलं होतं."

"मग?"

"तिसऱ्या वेळी तुमचा आवाज थरथरला नाही."

"तुम्हाला... माहीत होतं?"

"अंदाज होता. मैत्रिणीचं बोलताना तुम्ही श्वास रोखून धरता. हेडफोनमध्ये कळतं." तो थांबला. "घाबरलो होतो, खोटं का बोलू? एका रविवारी भावाला पाठवलं ना, तेव्हा. मग डॉक्टरांकडे जाऊन विचारलं. त्यांनी तुमचंच भाषण ऐकवलं."

मी हसत होते की रडत होते, देव जाणे.

"मला ती आवडते," तो हळूच म्हणाला. "चिडकी असली तरी. तिला... मी आवडतो का?"

तेवढ्यात दार उघडलं. वहिनी, तिच्यामागे लोकांचा घोळका. तो पळत जागेवर गेला आणि माझं उत्तर ओठांवरच राहिलं.

खुर्च्या भरल्या. मी माईक हातात घेतला.

"नमस्कार. मला एचआयव्ही आहे. आज मी माझी स्वतःची गोष्ट सांगणार आहे," मी म्हणाले, "आणि पाच मिनिटं लवकर संपवणार आहे. मला एकाला 'हो' म्हणायचंय."