फिटंफाट नको

नेत्रशिबिरात दुसऱ्यांचे डोळे तपासायला विमानाने परदेशी आलेली डॉक्टरीण पहिल्याच दिवशी स्वतःच्या चष्म्यावर बसली. डावी काडी मोडली, समोरचं सगळं धूसर झालं... हॉस्पिटलच्या फाटकासमोर एकजण टेबल मांडून चष्मे दुरुस्त करतो एवढं कळलं, म्हणून ती चाचपडत तिथे पोचली.

"किती बोटं?" त्याने गंभीर चेहऱ्याने हात वर केला.

"अहो, डॉक्टर मी आहे!"

"म्हणूनच विचारतोय. उद्या माझ्या आईचे डोळे तुम्हीच बघणार आहात ना?"

तिला हसू आवरेना. त्याने तांब्याची बारीक तार ओवून काडी बसवली, शर्टाच्या टोकाने काचा पुसल्या आणि स्वतःच्या हातांनी चष्मा तिच्या कानांवर चढवला. जग लख्ख झालं, आणि त्यात सगळ्यात आधी दिसले ते त्याचे मिश्कील डोळे. मग पुढचे तीन आठवडे तिच्या चष्म्याचा स्क्रू रोज संध्याकाळी सैल होऊ लागला. बिचाऱ्या स्क्रूचा काय दोष! शिबिरातल्या सिस्टरमावशी तर उघड उघड म्हणायच्या, "जा बाई, तुझा चष्मा ढिला झाला असेल."

बघता बघता निघायचा दिवस उजाडला. सकाळीच तिने बॅग उपसली. बूट स्वयंपाकवाल्या काकूंना, स्वेटर सिस्टरमावशींना, टॉर्च पहारेकऱ्याला. दिलं की मन हलकं होईल असं वाटलं होतं, पण झालं उलटंच. खरी टोचणी वेगळीच होती. घरच्या नळाचं गरम पाणी आठवून तिला चक्क आनंद होत होता — इथल्या बायका रोज लांबून पाण्याच्या बादल्या वाहताना बघूनही! त्या आनंदाची लाज वाटत होती, आणि त्याच आनंदाआड रडूही दडलेलं होतं.

बस सुटायला पाच मिनिटं उरली होती. तिने त्याच्या टेबलावर आपला बारीक स्क्रूड्रायव्हरचा कोरा संच ठेवला. "तुमच्यासाठी."

त्याने तो हळूच परत सरकवला. "नको."

"का? बाकी सगळ्यांनी घेतलं की..."

"दरवर्षी तुमच्यासारखी मंडळी येतात. चांगली असतात हो, खरंच. जाताना बॅगा रिकाम्या करून जातात आणि झालं, फिटंफाट! एकजणही परत आला नाही बघा." तो हसायला गेला, पण जमलं नाही. "मला... तुमच्याशी फिटंफाट नकोय."

"मग काय करू मी?"

"काहीतरी मागा ना! सगळे येतात ते द्यायलाच. आमच्याकडे मागण्यासारखं काही असेल, हे कुणाच्या मनातही येत नाही."

बसचा हॉर्न वाजला. तिला घर हवं होतं, आईबाबा हवे होते, गरम पाणीसुद्धा हवं होतं. आणि समोरचा हा माणूस हवा होता, अगदी जीव तुटेल इतका.

"माझी वाट बघाल?" ती एका दमात बोलून गेली. "आईबाबांशी बोलायचंय, नोकरीचं काहीतरी करायचंय... सहा महिने तरी लागतील. तेवढे द्याल मला?"

"बाप रे! पहिल्यांदाच काही मागितलंत, ते एवढं मोठं?" त्याचे डोळे भरून आले होते.

"नसेल जमत तर —"

"दिले!" तो घाईघाईने म्हणाला. "वर आणखी एक महिना. विमानांचा काय भरवसा!"

"मी पाच महिन्यांतच येते," ती म्हणाली. ड्रायव्हरकाकांनी पुन्हा जोरात हॉर्न वाजवला. ऐकूच आलं नाही असं दाखवून ती तिथेच उभी राहिली.