सातवं जहाज

हसायचं तर हसा, पोरांनो. पण येफिम रंगारी माझा शेजारी, आणि थाप मारणं त्याला जन्मात जमलं नाही. गेल्या वर्षीची एकवीस डिसेंबरची दुपार. मुर्मान्स्कच्या वर आपल्या या खाडीत तेव्हा सूर्य उगवतच नाही; दुपारी बारालाही नुसता निळसर संधिप्रकाश. येफिम रंगाचा डबा आणि खरवडणी घेऊन धक्क्याकडे निघाला. काम किरकोळ होतं.

धक्क्यावर युद्धातल्या पाणबुडीचा मनोरा उभा आहे ना, कप्तान ग्लेब झाब्रोदिनचा? त्याच्यावरच्या ताऱ्यात बुडवलेल्या जहाजांचा आकडा आहे, सात. तो पुसून सहा करायचा होता. राजधानीच्या समितीने शत्रूची दप्तरं चाळली, तर त्यात सहाच सापडली. दोन-दोन शौर्यपदकं मिळवलेला माणूस मेल्यावर खोटारडा ठरत होता.

त्या काळी एक जहाज बुडवलं की खानावळीत डुकराचं एक पिल्लू भाजायचं, अशी आपली रीत. सातव्या वेळी झाब्रोदिनने ताटाला हातही लावला नाही. "मनात खोट, म्हणून घास उतरला नाही," असं संग्रहालयाचे प्रमुख वादिम ओलेगोविच सांगत सुटले होते. येफिमला ते पटलं नव्हतं, पण पोट सगळ्यांनाच आहे.

त्याने सातची आडवी रेघ खरवडायला घेतली. आतून ठोका आला.

मनोरा पोकळ. दार कधीचंच वेल्डिंग करून बंद. येफिमने पुन्हा खरवडणी टेकवली.

"कुणाच्या सांगण्यावरून?"

मागे एक माणूस. चामडी कोट. ओलाचिंब. एवढ्या थंडीत बोलताना तोंडातून वाफ नाही.

"स... समितीच्या, साहेब."

"समिती पाण्यात उतरली होती?"

"कागदात सहाच आहेत म्हणे..."

"मग कागदाला सांग, माझ्यासमोर येऊन बोल."

येफिमने खरवडणी खाली घेतली.

"पदकं न्या परत. रस्त्याला दिलेलं नाव काढा. माझं काही अडत नाही. पण त्या जहाजावर माणसं होती. शत्रूची, तरी माणसंच. कान लाव."

येफिमने लोखंडाला कान लावला. आत आरडाओरडा... परकी भाषा... मग पाणी. मग... काहीच नाही.

"माझ्या हातून मेले ते. आता तुम्ही म्हणता, ते नव्हतेच. हे मी चालू देणार नाही."

येफिम वळला. कोणी नव्हतं.

घाबरला होता तो, नाही कशाला म्हणू? पण पळाला नाही. त्याने सात पुन्हा नीट रंगवला आणि संग्रहालयात जाऊन खरवडणी वादिम साहेबांच्या टेबलावर ठेवली.

"मी नाही करणार."

"नोकरी जाईल, येफिम."

"जाऊ द्या. सहा लिहायचं तर स्वतःच्या हाताने लिहा. आणि आधी कान लावा."

वादिम ओलेगोविच तावातावाने धक्क्यावर निघाले. मी तेव्हा संग्रहालयाचा चौकीदार; बॅटरी धरायला मला बरोबर घेतलं.

मनोऱ्याच्या पायाशी बुचाचं एक जुनं कडं पडलं होतं, बुडणाऱ्याला फेकतात तसलं. त्यावर पुसट जर्मन अक्षरांत एका जहाजाचं नाव, समितीच्या सहांत नसलेलं. आजूबाजूला सगळं गोठलेलं, आणि त्यातून पाणी ठिबकत होतं. साहेबांनी खरवडणी खिशात घातली. आल्या पावली मागे फिरले.

ते कडं संग्रहालयाच्या मागच्या खोलीत टांगलंय. खाली बादली ठेवलीय. ती रोज सकाळी रिकामी करावी लागते.