जॅगोचा मग

"थांबा! तो मग धुवू नका!" मॉर्वेना जिवाच्या आकांतानं ओरडली.

'काळा नांगर' पबचे नवे मॅनेजर प्रिचर्डसाहेब दचकलेच. "सुट्टी लागली की तुम्हा पोरांना दुसरं काही सुचत नाही का गं?"

पोर्थवेरन बंदरातला हा पब फार जुना. समुद्रावर निघताना प्रत्येक खलाशी आपल्याच मगातून निरोपाची बिअर प्यायचा आणि तो मग न धुता तुळईला अडकवायचा. दुसऱ्याचा मग तोंडाला लावणं म्हणजे महाअपशकुन! परतला, की तो मग स्वतः काढायचा. बुडालेल्यांचे मग तसेच लटकत राहिले. साहेबांनी मात्र रंगकामासाठी सगळे उतरवले होते!

त्यांतला एक मॉर्वेनाच्या पणजोबांचा, जॅगोचा. झिंगलेल्या जॅगोनं होडी खडकावर घातली आणि माणसं बुडवली, असं गाव अजून म्हणे. बुडालेल्यांच्या स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव नव्हतं. शाळेत मॉर्वेनाला 'बेवड्याची पणती' म्हणून चिडवत.

मॉर्वेनानं मग मित्रापुढे धरला. "बघ ना डेन्झिल! बाकीच्या मगांच्या तळाशी काळं किटण आहे. यात नुसती धूळ!"

"मग काय झालं?"

"अरे बावळटा, पणजोबा प्यायलेच नव्हते!"

"घाण ती घाण! पाहुणे येतील आता," म्हणत साहेबांनी नळ सोडला. पण पाणी येईना! डेन्झिलची आई तिथलीच स्वयंपाकीण. मुख्य नळ कुठे आहे, ते त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि त्यानं तो हळूच बंद केला होता. साहेब तणतणत तिकडे धावले. तेवढ्यात मॉर्वेनाची धाकटी बहीण रोझेन धक्क्यावरून म्हाताऱ्या नान्सकाकांना ओढतच घेऊन आली.

नान्सकाका जन्मभराचे खलाशी. त्यांनी एकेका मगात बोट फिरवून पाहिलं. जॅगोच्या मगाशी आल्यावर त्यांनी टोपी काढली.

"शुद्धीतच गेला की रे हा! वादळानं नेलं त्याला, आणि आम्ही नाव दारूचं घेतलं. लाज वाटते रे! शाब्बास पोरांनो, दगडावर त्याचं नाव कोरायला लावतो."

परत आलेल्या साहेबांनी ओशाळून तो मग मॉर्वेनाच्या हातात ठेवला.

मॉर्वेना तो घेऊन घरी पळाली. आजोबांनी, जॅगोच्या मुलानं, सगळं ऐकून घेतलं.

"शाब्बास गं पोरी," ते कसेबसे म्हणाले. "माझी आई जन्मभर मान खाली घालून जगली. तिच्या मयतालासुद्धा कोणी आलं नाही. आता हे कुणाला सांगू मी?"

आणि तो मग छातीशी धरून आजोबा ओक्साबोक्शी रडू लागले.