कोरडं पोलाद

रिव्हॉल्व्हर सापडलं ते ओहोटीच्या वेळी, बंधाऱ्याच्या दगडांत खुपसलेलं, ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं. दुपारी फौजदारांनी ते संग्रहालयाच्या तळघरात आणून गंजबाईंच्या टेबलावर ठेवलं.

धातूंचा विभाग सांभाळणाऱ्या या बाईंना सगळे गंजबाईच म्हणत. लोखंड कशाने खाल्लं हे त्या बघून सांगत. माणसांबद्दल विचारलं तर गप्प बसत.

"चोर मिळालाय," फौजदार म्हणाले. "आप्पांच्या घरातल्या स्वयंपाकाच्या मावशी. कपाटाची एक चावी त्यांच्याकडे असते, पुसायला. सकाळपासून चौकीत बसवलंय. तुम्ही फक्त लिहून द्या, समुद्राच्या पाण्याने गंजलं म्हणून."

"कबूल केलं त्यांनी?"

"एकच पालुपद. मी नाही, मी नाही."

"सापडलं कोणाला?"

"आप्पांनाच. रोजच्या फेरीत नजर गेली. नशीब म्हणायचं."

गंजबाईंनी गोणपाट उलगडलं. दोन आठवड्यांपूर्वी आप्पांच्या घरी हेच रिव्हॉल्व्हर त्यांनी आरशासारखं चकचकीत पाहिलं होतं. नळीवर कोरलेली वेलबुट्टी, आणि खाली अक्षरं: जळत्या जहाजावरची माणसं वाचवल्याबद्दल, आरमाराच्या तुकडीकडून कप्तानास भेट. कप्तान म्हणजे आप्पांचे आजोबा. पुढे त्यांचं स्वतःचं जहाज बुडालं. निम्मे खलाशी गेले. कप्तान सर्वांत शेवटी उतरले आणि हे रिव्हॉल्व्हर पट्ट्याला लावून रात्रभर पोहले. आप्पा स्वतः बोटीवरचे निवृत्त इंजिनियर. ही गोष्ट त्यांनी कितीतरी शाळांतून सांगितली होती. आता रिव्हॉल्व्हर संग्रहालयात जाणार होतं आणि समारंभाला बुडालेल्या खलाशांची नातवंडं येणार होती.

त्या दिवशी चहा पिताना गंजबाईंनी जरा हुशारी दाखवली होती. "समुद्रात भिजलेलं लोखंड काही विसरत नाही, आप्पा. शंभर वर्षांनीही सांध्यात मीठ सापडतं. आमच्याकडे आलं की मुठीच्या पट्ट्या काढून बघू."

आप्पांनी कप अर्धाच ठेवला होता. तेव्हा गंजबाईंना वाटलं, चहा निवला असेल.

आता गंजबाईंनी पेचकस घेतला. मुठीच्या दोन्ही हस्तिदंती पट्ट्या सहज सुटल्या. खालचं पोलाद कडेपासून मध्यापर्यंत सारखंच तांबूस झालं होतं. पट्ट्यांना मात्र एकही तडा नव्हता. भिंगातून अक्षरं पाहिली. खाचांत काहीतरी पांढुरकं होतं. सुईने खरवडलं तर ते मऊ लागलं. मेण. मग त्यांनी वरचा थोडा गंज एका काचनळीत घेतला, पट्टीखालचा दुसऱ्या नळीत, आणि दोन्हींत एकच द्रावण घातलं. रंग मात्र दोन आले.

"मग काय लिहून देताय?" फौजदारांनी विचारलं.

"अजून काही नाही. आधी त्यांच्या घरी जाऊ. मावशींना बरोबर घ्या."

जीपमध्ये मावशी मागच्या बाकावर बसल्या, पदर कपाळापर्यंत ओढून. गंजबाई पुढे.

दार सुनेने उघडलं. "हिला कशाला परत आणलंत?"

"दोन प्रश्न आहेत," गंजबाई म्हणाल्या. "कपाटाच्या चाव्या किती?"

"दोन. एक हिच्याकडे, एक आप्पांच्या उशाशी. म्हणजे कळलंच की."

"आणखी काही गेलंय घरातून?"

"सांगायलाही लाज वाटते. मिठाचे पुडे. महिन्याचं भरलेलं सगळं. आठवडाभर आम्ही अळणी जेवतोय. मीठसुद्धा सोडलं नाही हो हिने."

मावशींनी मान वर केली नाही.

आप्पा खिडकीशी बसले होते. टेबलावर फ्लॅनेलच्या तुकड्यावर पेचकस लहानापासून मोठ्यापर्यंत मांडलेले. शेजारी मेणबत्तीचं थोटूक.

"वीज जाते का इथे?"

"छे," सून म्हणाली. "इन्व्हर्टर आहे."

गंजबाईंनी रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं. आप्पांनी ते पाहिलं नाही.

"हस्तिदंत पाण्यात फुगतो, वाळला की तडकतो," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "या पट्ट्या धड आहेत. म्हणजे पोलाद भिजत होतं तेव्हा त्या काढून ठेवलेल्या होत्या. अक्षरं खराब होऊ नयेत म्हणून त्यांत मेण भरलंय."

"विकायचं म्हणून चोराने जपलं असेल," फौजदार म्हणाले.

"मग पोलाद का नासवलं? आणि आता मीठ. समुद्राच्या पाण्यात मिठाबरोबर मॅग्नेशियमही भरपूर असतं. वरच्या गंजात ते मिळालं. पट्टीखालच्या गंजात मीठ आहे, मॅग्नेशियम जवळजवळ नाही. वरून समुद्र, आतून स्वयंपाकघर. कोणीतरी हे घरातच बादलीत भिजवलं आणि मग पट्ट्या बसवून एखाद्या भरतीपुरतं बंधाऱ्यावर नेऊन ठेवलं. नासवायचं होतं, पण जपून. ज्याचा जीव त्यात अडकलाय, तोच असं करेल. आणि ज्याला ते कुठे आहे हे ठाऊक होतं, त्यालाच ते सापडलं."

सून सासऱ्यांकडे बघत राहिली.

"तुम्ही गेलात आणि मी पट्ट्या काढल्या," आप्पा म्हणाले. "म्हटलं, तुमच्याआधी आपण बघावं. खालचं पोलाद निळं होतं, बाई. गंजाचा ठिपका नाही, कारखान्यातून कालच आल्यासारखं."

"कोरडं पोलाद एवढंच सांगतं की ते भिजलं नव्हतं. तुमचे आजोबा कुठे होते, ते त्याला माहीत नाही."

"मला माहीत आहे. जहाज बुडताना कोरडं राहायचं तर पहिल्या होडीत बसावं लागतं. तुम्ही उघडून बघितलं असतंत. आणि त्या खलाशांच्या नातवंडांसमोर मी भाषण करणार होतो." ते थांबले. "म्हटलं, नव्या गंजाखाली सगळं झाकून जाईल. चोर कोणी सापडणार नाही, आणि विषय मिटेल."

"पण सापडला," फौजदार म्हणाले.

तेव्हा मावशी पहिल्यांदा बोलल्या. "या फौजदारांनी माझी पिशवी उलटी केली, तेव्हा तुम्ही इथेच होतात, आप्पा. हातात पेपर होता."

"हो."

"तुम्ही पान उलटलंत."

सुनेने भिंतीकडे तोंड फिरवलं. गंजबाईंना त्या क्षणी आपल्या काचनळ्यांचीही लाज वाटली. चहावर दाखवलेली ती हुशारी इतक्या लांबून फिरून या बाईच्या पिशवीपर्यंत आली होती.

"आजोबा आधी होडीत उतरले की नाही, देव जाणे," आप्पा शेवटी म्हणाले. "मी उतरलो."

"तक्रार द्यायचीय का?" फौजदारांनी मावशींना विचारलं.

मावशींनी कमरेची चावी सोडून पेचकसांच्या रांगेत ठेवली. "मला घरी सोडा. पण चालत नाही जाणार. नेलंत तसं जीपमधूनच सोडा. सगळी आळी दारात उभी होती तेव्हा."

आप्पा काठी शोधत उठले. "मी येतो. सगळ्यांसमोर सांगतो."

मावशी वळून जिना उतरू लागल्या. खाली गंजबाईंनी त्यांच्यासाठी जीपचं पुढचं दार उघडून धरलं. मावशी बसल्या, पदर कपाळावरून मागे सारला.

"तुम्ही मागे बसा," त्या आप्पांना म्हणाल्या.

आप्पा मागे बसले.