बसचा बुडता पाय

“काका, आईशप्पथ, मी जॅकले हात नाई लावला,” किशोर कळवळून म्हणाला, कारण त्याचा कान ओमप्रकाश ड्रायव्हरच्या चिमटीत होता.

दिवाळीच्या सुट्टीत नांदगाव खंडेश्वरजवळच्या किशोरच्या गावात अमरावतीहून डोळे तपासायची बस आली होती. कापसाचं वाटोळं झालेल्या त्या वर्षांत गावात गाड्या पुष्कळ यायच्या, पण बहुतेक फोटो काढून निघून जायच्या. ही थांबली. आतली यंत्रं सपाटीवर हवीत म्हणून ओमप्रकाशनं बसच्या चारी कोपऱ्यांचे लोखंडी पाय, म्हणजे जॅक, जमिनीला टेकवले होते. पण मागचा डावा कोपरा सारखा खाली जायचा. ओमप्रकाश तो जॅक वाढवायचा, पोरंच तो ढिला करतात म्हणून त्यांच्यावर खेकसायचा आणि पुन्हा पानटपरी गाठायचा.

या वेळी तो गेल्यावर किशोर आणि त्याच्या मैत्रिणी रागिणी नि नाजिया खऱ्या चोराला पकडायला जॅकपाशी दबा धरून बसली. कुणीच आलं नाही. तरी जॅकची थाळी त्यांच्या डोळ्यांदेखत बोटभर खाली गेली. भोवतीची जमीन चिरली आणि चिरेतून सडक्या ज्वारीचा कुबट वास आला.

रागिणीनं वाकून वास घेतला. “खाली पेव हाये,” ती कुजबुजली.

पेव म्हणजे धान्य साठवायचा जमिनीखालचा खड्डा. तोंड अरुंद, आत खोलीएवढी जागा. गावातली जुनी पेवं कधीच बुजवली, असं मोठी माणसं सांगत. हे कुणी बुजवलंच नव्हतं, नुसतं तोंड झाकून मोकळे झाले होते! किशोर टपरीकडे पळाला, पण ओमप्रकाशनं त्याला हाकलून लावलं. हा जॅक अख्खा ट्रक उचलतो, म्हणाला. जॅक उचलेल हो, पण जमिनीनं पेलायला नको?

नाजियाची अम्मी, रजियाबी, बसमध्ये होती. डोळ्यांत औषध घातलेलं, समोरचं धड दिसत नव्हतं. ओरडावं, तर काय झालं ते बघायला आतले सगळे मागच्या खिडकीशीच जमणार, भार तिथेच पडणार.

ती एकटीच पुढच्या दारानं चढली. पाऊल टाकलं की बस करकरायची. तिला पळून जावंसं वाटत होतं. अगदी मागे, यंत्रावर हनुवटी टेकवून अम्मी बसली होती. नाजियानं तिचा हात धरला आणि सरळ तिला घेऊन निघाली.

“अगं, माझा पेशंट कुठे नेतेस?” डॉक्टरीणबाई भडकल्या.

नाजिया थांबली नाही. तिच्यामागे बाई, बाईंच्या मागे त्यांचा मदतनीस, अशी वरात खाली उतरली. बाईंनी हात उगारला, आणि मागे धडाडकन आवाज झाला. जॅक गेला, चाक गेलं, बसचा मागचा भाग पेवात बसला. अम्मीच्या खुर्चीवर लोखंडी कपाट कोसळलं होतं.

बाईंचा उगारलेला हात नाजियाच्या डोक्यावर येऊन टेकला. आवाज ऐकून धावत आलेल्या सरपंच केशवरावांनी तिघांना जवळ घेतलं. ओमप्रकाश सगळ्या गावासमोर किशोरला म्हणाला, “चुकलंच माझं, बेटा.”

अम्मी मात्र अजून हवेत चाचपडत होती.

“काय पडलं गं?”

“बस, अम्मी.”

“तुले मालूम होतं?”

“हो.”

“मंग आत काहून आली, पगले?”

“तू होती ना आत,” नाजिया म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.