कोणाच्याच जुडीत न बसलेला धागा

दुपारी दोन वाजून सतरा मिनिटांनी हे सुरू झालं. बाहेर ऊन असं, की नागपूरच्या त्या गल्लीत कुत्रंही नव्हतं. हिमानी हातमागावर ताणा, म्हणजे कापडाचे उभे धागे, चढवण्याआधी ते मोजत बसली होती. नवरा वैभव बुटीबोरीच्या कारखान्यात ड्यूटीवर, सासू अंजनाबाई कूलरसमोर पडलेली, आणि अडीच वर्षांची खुशी मागाजवळच्या झोळीत झोपलेली.

पाहिजे होते दोन हजार पाचशे वीस धागे. हिमानीने दहा-दहाच्या जुड्या बांधल्या. एक धागा उरला. चुकलं असेल म्हणून सोडून सात-सातच्या बांधल्या. एकच उरला. नऊ-नऊच्या... पुन्हा एकच. सातवीपर्यंत शिकलेली, पाढे तिला पाठ होते. तिने मनातल्या मनात अकराचा, तेराचाही लावून पाहिला. कशातच बसेना. शाळेत मास्तर सांगायचे, अशा संख्येला मूळ संख्या म्हणतात. एक आणि ती स्वतः, तिसऱ्या कोणाला ती आत घेत नाही.

दोन दिवसांपासून पोरीचं अंग कोमट होतं. हिमानीचा सगळा जीव तिच्यात. तिने तो उरलेला धागा काढला आणि नजर लागू नये म्हणून खुशीच्या मनगटाला बांधला. मग खात्रीसाठी ताणा पुन्हा मोजला.

दोन हजार पाचशे एकवीस.

कूलर आपोआप थांबला. घरभर सुताला लावायच्या खळीचा आंबट वास पसरला.

"आई..." तिने सासूला हलवलं. "एक काढला, तरी एक उरूनच राहिला."

अंजनाबाई उठून बसली. "काढलेला कुठी ठेवला वं?"

"खुशीले बांधला... नजरेसाठी."

"काहून वं बाई! एवढे पाढे शिकली, अन् हे नाही शिकली? उरलेला धागा जाळतेत. जो कोणाच्याच जुडीत बसत नाही, तो सोबती शोधते..."

दोघी झोळीपाशी धावल्या. खुशी जागी होती. कोणाकडे तरी पाहून हसत होती. मनगटावर धागा नव्हता, नुसता लाल वळ. आणि ताण्यातल्या शेवटच्या धाग्याला पोरीच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास येत होता.

अंजनाबाईने तो ओढून काढला, गॅसवर जाळला. हिमानीने पुन्हा मोजलं. दोन हजार पाचशे वीस. खुशीचा तापही उतरला. तेव्हा कुठे ती घोटभर पाणी प्यायली.

संध्याकाळी वैभव आला. हिमानीने चार ताटं मांडली. खुशी दुडूदुडू गेली, पाचवं घेऊन आली, आपल्या शेजारी ठेवलं.

"पाहुणा आला का वं माय?" वैभव हसला.

"त्याचं हाय," खुशी म्हणाली. "त्याले कोणीच घेत नाही ना..."

हिमानीने त्या ताटात काही वाढलं नाही. पण जेवणं झाल्यावर पाहिलं, तर पाचही ताटं उष्टी होती.

तुमच्या ओळखीत मागावर बसणारी कोणी बाई असेल, तर तिला एवढं जरूर सांगा. जुड्या बांधून एक धागा उरलाच, तर आधी लेकरू उचल म्हणा. धाग्याचं मग पाहता येईल.